डावीकडचं टर्मिनल

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लिहिणारा माणूस नाही. फौजेत सतरा वर्षं व्हेईकल मेकॅनिक होतो. आता लोणावळ्याच्या कॉलेजात एफ.वाय.ला बसतो आणि वर्गातली मुलं मला काका म्हणतात. आमच्या वाडीतून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, नोकरीतलं काही लिहा. शब्द अडतात. पण ज्याच्याबद्दल लिहायचं तो आता लिहू शकत नाही, म्हणून हे धाडस.

पवना धरणाच्या काठी आमच्या युनिटचा बोटींचा ट्रेनिंग कॅम्प लागला होता. तंबूच्या दारातून तिकोणा दिसायचा. तिकोणा पेठेच्या वरच्या अंगाला आमची वाडी, म्हणजे पोस्टिंग घरच्या अंगणातच. बोटी ज्याच्या ताब्यात होत्या तो साबळे, हुद्द्याने नाईक, जवळच्या बेडसे गावचा. तो मला चिडवायचा, "तुमच्या वाडीत अजून रेंज न्हाई. फौजेनं तुला हुडकला कसा?"

रविवारी आउटपास मिळाला की आम्ही त्याच्या घरी जायचो. त्याच्या आईला मी मावशी म्हणतो. ओट्यावर कुणीही आलं की मावशी आधी पाणी देत. बांधावरून कोर्टात भांडणारे भाऊबंद एकदा तावातावाने आले, त्यांनाही आधी पाणी मिळालं, मग शिव्या.

कॅम्पात एक सेफ्टी जीप असे. बोटी पाण्यात असेपर्यंत ती काठावर उभी राहायची, रेडिओ सेट चालू ठेवून. कुणाला काही झालं तर तिनेच कामशेतचा दवाखाना गाठायचा. कोर्सला जाण्याआधी मी तिच्यात कोरी बॅटरी बसवली होती. महिनाभराने परतलो त्या सकाळी बॅग तंबूत ठेवत होतो, तेव्हा खालून आरडाओरडा ऐकू आला.

साबळेने बोटींवरची ताडपत्री उचलली होती. खाली नाग होता. तो त्याच्या मनगटाला डसला.

त्याला जीपमध्ये झोपवलं. ड्रायव्हरने चावी फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक, टक. डॅशबोर्डवरचे दिवे विझत गेले. जीपचं तोंड पाण्याकडे, मागे चढ. ढकलून चालू करायला जागा नव्हती. कॅम्पातली दुसरी गाडी म्हणजे थ्री-टनर ट्रक, ती रेशन आणायला गेली होती. रेडिओही जीपच्याच बॅटरीवर, तो बंद पडला. मी धावत वरच्या तंबूतल्या सेटवर गेलो.

"थ्री-टनर, जिथे असाल तिथून परत या. स्नेक बाइट. सेफ्टी व्हेईकल डेड. ओव्हर."

"रॉजर. काले कॉलनीच्या पुढे आहे. वळतो. आउट."

गाडी यायला पाऊण तास गेला. साबळेच्या पापण्या मिटत चालल्या होत्या. तो एवढंच म्हणाला, "आयला आत्ता सांगू नगा. ती खाचरात आसंल." कामशेतच्या अलीकडे त्याचा श्वास थांबला.

दुपारी मी जीपचं बॉनेट उघडलं. मी बसवलेल्या बॅटरीचं पॉझिटिव्ह टर्मिनल उजवीकडे होतं. हिचं डावीकडे, म्हणजे बॅटरीच दुसरी. केबल ओढून ताणून जोडली होती. बॅटरीवर युनिटचा नंबर ताज्या पांढऱ्या रंगात. ड्रायव्हरने सांगितलं, गाड्यांचा ताबा असलेले एमटी हवालदार मोहिते यांची ऑर्डर होती, जीप रोज रात्री चार्जरवर लावायची. कोऱ्या बॅटरीला रोज चार्जर लागत नाही. मला कळायचं ते कळलं. मोहिते त्याच महिन्यात स्वतःच्या कारने सुट्टीवर जाऊन आले होते.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी टर्मिनलचं सांगितलं. मोहिते म्हणाले, मेकॅनिकची आठवण चुकते आहे. माझ्याकडे शब्दाशिवाय काही नव्हतं. बॅटरी अचानक निकामी झाली, असं ठरलं. मोहिते पेन्शनवर गेले, हार घालून. मी त्या दिवशी परेडला उभा होतो. टाळ्या वाजवल्या नाहीत.

रिटायर होऊन घरी आलो तेव्हा त्यांचं दुकान दिसलं. जुन्या हायवेला, वलवणजवळ, बॅटरीचंच. पर्यटकांच्या गाड्या चालवणारी पोरं तिथूनच घेत. मी हात उगारणार नव्हतो. पण त्या माणसाला सोडायचं नाही, हे तिथेच ठरवलं.

मी गॉगल, रबरी हातमोजे, मीटर आणि लोड टेस्टर घेतला आणि रविवारी सकाळी टॅक्सी स्टँडवर जाऊन बसलो. फुकट टेस्टिंग. येईल त्याला शिकवलं. आधी इंजिन बंद, चावी बाहेर. बॅटरीतून निघणारा गॅस पेट घेतो, म्हणून विडी विझवा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. फुगलेल्या किंवा चिरलेल्या बॅटरीला हात लावू नका. चार्जरवरून काढल्या काढल्या मीटर लावू नका, मेलेलीही तेव्हा तेरा व्होल्ट दाखवते. हेडलाइट दोन मिनिटं चालू ठेवा, बंद करा, थोडं थांबा, मग बघा. साडेबाराच्या वर असेल तर भरलेली. तरी तेवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. लोड द्यायचा, म्हणजे टेस्टरने तिच्याकडून जोराचा करंट ओढायचा. काटा साडेनऊच्या खाली कोसळला, तर ती बॅटरी गरजेला उभी राहणार नाही.

मोहितेंच्या दुकानातल्या एकामागून एक कोसळत गेल्या. जुन्या बॅटऱ्या, वर नवे स्टिकर. पोरं त्या उचलून दुकानात परत नेऊ लागली. एकाने तर त्यांच्या काउंटरवरच टेस्टर लावून दाखवला. काटा पडायचा तेव्हा मला बरं वाटायचं. हे लिहायला नको असेल कदाचित, पण खरं आहे.

पावसाळा संपता संपता मोहिते स्वतः स्टँडवर आले.

"काय पाहिजे तुला?"

फौजेत मी त्यांना उस्ताद म्हणायचो. त्या दिवशी म्हटलं नाही.

"बेडशाला जा. साबळेच्या आईला सांगा, कुठली बॅटरी काढली आणि कुठं लावली."

"सांगितलं तर हे बंद करशील?"

"नाही."

पोरं बघत होती. मोहिते निघून गेले. मी पुढची बॅटरी घेतली. दुकान दिवाळीपर्यंत चाललं, नंतर शटर उघडलं नाही. मला वाटलं, निसटले.

परवा कॉलेजातून घरी येत होतो. मावशींचा फोन आला. त्या कधी स्वतःहून फोन करत नाहीत.

"त्यो आलता," त्या म्हणाल्या.

"कोण, मावशी?"

"बॅटरीवाला. ओट्यावर बसला. समदं सांगितलं, त्याच्या मोटारीचंबी. लय घाम आलता त्याला. दोनदा घराकडं बघितलं."

मी रस्त्याच्या कडेला झालो.

"म्या पानी न्हाई दिलं," मावशी म्हणाल्या.