मोटर बंद पडली, बाई वाचली

आमच्या सूतगिरणीत पंपाची मोटर सारखी बंद पडायची. वैतागून मी वायरमन सदाभाऊंना म्हणालो, "तो अर्थ लीकेजचा रिले काढून टाका. काम अडतंय."

"साहेब, मोटरच्या अंगावर करंट उतरतोय, म्हणून तो वीज तोडतो. मी नाही काढणार."

त्याच दुपारी फरशी धुणाऱ्या हिराबाईंचा ओला हात मोटरीला लागला. खट् आवाज होऊन मोटर थांबली.

"मुंगी चावल्यागत झालं," एवढंच म्हणून त्या पुन्हा कामाला लागल्या.

मला मात्र माझंच बोलणं आठवलं: रिले काढून टाका. पापणी लवायच्या आत एक मरण आलं आणि माघारी गेलं होतं. अशी किती मरणं आपल्याला नुसती शिवून जात असतील! सदाभाऊ मोटर उघडायला बसले. मी त्यांच्याजवळ उकिडवा बसलो आणि बॅटरीचा उजेड धरला.