उलट्या काजांचा सदरा

डावरीमावशी जेवायची उजव्या हाताने, भाकरी थापायची उजव्या हाताने. सुई आणि कात्री तेवढी डाव्या हातात. नवरा वारल्यावर ती कार्ल्यात, आमच्या शेजारी, भावाकडे परत आली. गल्लीपलीकडे शिंपीआबांचं दुकान होतं. त्यांना जाऊन म्हणाली, "मला शिवायला शिकवा." आबा म्हणाले, "बाईमानसानं गड्यांची मापं घ्यायची व्हय? घरला जा." ती घरी आली आणि तांदूळ निवडायचं सूप घेऊन ओट्यावर त्यांच्याकडे तोंड करून बसली. वर्षभर बसली. त्यांचा उजवा हात तिच्या डावीकडे हलायचा, म्हणून तिचा डावा शिकला. कात्री उजव्या हातासाठी घडवलेली, त्यामुळे अंगठ्याला घट्टे पडले. कुणी कळवळलं की म्हणायची, "कात्री लोखंडाची हाय, ती कशी बदलंल? हातच बदलला पायजे."

मापाचा प्रश्न होताच. बाईने पुरुषाच्या छातीला फीत लावायची, हे तेव्हा कुणालाच खपलं नसतं, तिलासुद्धा नाही. मग ती बघायची. चढण चढताना कुणाचा खांदा किती उचलतो, भाताचा भारा उचलताना कापड कुठे ओढतं, सगळं डोळ्यांत भरून घ्यायची. "फितीला उबा मानूस कळतो," म्हणायची, "चालता मानूस नजरंलाच कळतो." मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. मावशी वाटेवरच्या गड्यांकडे अशी रोखून बघू लागली की मलाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिला काही वाटत नसे.

भावजय मात्र कावली होती. दिवाळीपर्यंत शिवणाचं काही जमलं नाही, तर लोणावळ्याच्या एका बंगल्यावर भांडी घासायला जायचं, असं तिने परस्पर ठरवून टाकलं होतं. अशात गावातल्या तात्यांनी, एका थोराड शेतकऱ्याने, मावशीला सदऱ्याचं कापड दिलं. तो तिचा पहिलाच सदरा. तो घालून तात्या पारावर आले आणि तिथे बसलेल्या शिंपीआबांची नजर गेली.

"तात्या, काजं उजवीकडं, बटनं डावीकडं! बायकूचं पोलकं घातलंय व्हय?"

पारावर हशा पिकला. तात्या ओशाळून बटणं सोडू लागले. तो सदरा तिथे उतरला असता, तर पुन्हा कुणी मावशीच्या हाती चिंधीसुद्धा दिली नसती. मावशी विहिरीवरून येत होती. तिने हंडा खाली ठेवला.

"उलटाच हाय," ती म्हणाली. "आबा, तुमच्या म्होरं बसून शिकले. शेजारी जागा दिली आसती, तर सुलटा झाला आसता."

मावशी तात्यांकडे वळली. "हात वर करा. काखंत काचतंय?"

तात्यांनी हात दोनदा वर केले. "न्हाई बा."

"आबांनी शिवलेला काचत व्हता न्हवं? मंग लावा बटनं."

तात्यांनी लावली. बंगल्यावरच्या भांड्यांचा विषय भावजयीने पुन्हा काढला नाही. मावशीने मात्र त्यानंतर जन्मात एकही सदरा सुलटा शिवला नाही. येत नव्हतं असं नाही, पण ऐकेल तर ती मावशी कसली! पुढे तर लोणावळ्याच्या बाजारात लोक काजांवरून ओळखायचे, की हा गडी कार्ल्याचा. तिच्या या आडमुठेपणाचा मला फार अभिमान वाटायचा. अजूनही वाटतो.

आबा वारले त्या दिवशी तिने सुईला हात लावला नाही. मी तोवर मोठी झाले होते, तिच्या शेजारी बसून शिवण शिकत होते. मला रागच आला. म्हटलं, "मावशी, त्येंनी तर तुला हाकललं व्हतं."

"हाकललं. मी वट्यावर बसाया लागले, तवा दाराला गोणपाट बी लावलं. आठ दिसांनी त्येंनीच काढलं. कुनी इचारलं, तर म्हनाले, उजेड पडत न्हाई."

तिने पदराने डोळे पुसले.

"उजेड त्येंच्या मागल्या खिडकीतनं यायचा, पोरी."