फर्मिनसाठी सही

सान पेद्रोच्या नेरेइदाचा नवरा फर्मिन अर्धांगवायूने खाटेवर पडून होता. बेसबॉलचा मोठा खेळाडू रोसेन्दो गावी आलाय, हे रेडिओवर ऐकल्यापासून त्याने एकच धोशा लावला होता, "मला त्याची सही आणून दे."

नेरेइदा चेंडू घेऊन भर उन्हात स्टेडियमच्या फाटकाशी उभी राहिली. संध्याकाळी रोसेन्दोची गाडी बाहेर पडली, तेव्हा तिने खिडकीतून चेंडू आत सरकवला.

"कोणासाठी, मावशी?" त्याने विचारलं.

"फर्मिनसाठी, बाळा!"

लोकांच्या गलक्यात त्याला काय ऐकू गेलं कोण जाणे. घरी येऊन पाहते तर चेंडूवर 'बेन्हामिनला प्रेमपूर्वक' असं लिहिलेलं आणि खाली सही.

"हा बेन्हामिन कोण गं?" फर्मिन चिडला. "पूस ते नाव!"

तिने स्पिरिटचा बोळा हलकेच फिरवला. नाव गेलं, पण शाई पसरून सहीचाही निळा डाग झाला. फर्मिनने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"उद्या परत जाते," ती म्हणाली.

"कशाला? सकाळच्या विमानाने तो चाललाय. आत्ताच सांगितलं रेडिओवर."

नेरेइदाने बोळा मोरीत भिरकावला. "दिवसभर उन्हात उभी होते रे मी! पाणी प्यायलीस का, एवढं तरी विचारायचंस."