डांबरातला बांध

कारखान्याच्या आवारात ट्रक उभे करायची डांबरी जागा होती. तिथून जाताना मावशी एका ठिकाणी हमखास पाय उंच उचलून टाकायची. ओलांडण्यासारखं तिथं काहीच नव्हतं. तुम्ही पाहिलं असतं, तर तुम्हीही माझ्यासारखेच हसला असता. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "बांध हाय नं, बाई."

चितेगावजवळचा तो कारखाना तिच्या शेतावर उभा होता. मी तिथं ऑफिसात कॉम्प्युटरवर कामाला. शहरातून कंपनीच्या बसनं यायचे. ती बाहेर हिरवळीवर खुरपायला. जमिनी घेताना घरटी एका मुलाला नोकरी कबूल केली होती. मावशीला दोन्ही मुलीच. म्हणून तिच्या वाट्याला ठेकेदाराचं खुरपं आलं.

"आपल्याच रानात रोजानं," म्हणायची, आणि हसायची. ते हसू बघवत नसे.

पावसाळ्यात त्या विलायती गवतात घोळ उगवायची, तांदुळजा उगवायचा. ठेकेदाराच्या लेखी ही रानभाजी म्हणजे कचरा. मावशी मात्र निवडून ओटीत भरायची. "फेकायचं काऊन? लई ग्वाड लागती." दुपारी माझ्या डब्याशेजारी एक जुडी येऊन पडलेली असे. कँटीनवाल्यालाही द्यायची, ड्रायव्हरलाही. शेतावर आलेल्या पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत, तसं.

एकदा मोठे साहेब येणार होते. गेटवर तपासणी कडक झाली. वॉचमन होता मावशीचाच पुतण्या. दिराची जमीन गेली तेव्हा त्याला नोकरी लागली होती.

"काकू, पिशवी दाखवा जरा," तो खाली बघत म्हणाला.

"बघ की बाबा. तुला बी घर हाय."

पिशवीत घोळ निघाली. सुरक्षा अधिकारी पुढं आला. "आवारातली कुठलीच वस्तू बाहेर न्यायची नाही. याला चोरी म्हणतात."

"साहेब, हे पेरलं कुणी?"

"कुणी का पेरेना. जागा कंपनीची आहे."

मावशीनं टेबलावर पिशवी पालथी केली. मुळांची माती तळाशी चिकटली होती, तीही झटकली. "ही बी ठिवा. तुमचीच हाय."

ती चालू लागली. पुतण्यानं फडकं घेऊन टेबल पुसलं.

दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं तिला कामावर घेतलं नाही. हिरवळीवर औषध मारलं. घोळ करपून गेली, विलायती गवताला काही झालं नाही. मोठ्या साहेबांनी त्यावर उभं राहून फोटो काढले.

पुढच्या पावसाळ्यात पैठण रस्त्यावरच्या आठवडी बाजारात ती दिसली. एका भाजीवालीसमोर उभी राहून घोळीची जुडी विकत घेत होती. घासाघीस केली नाही, निवडूनही घेतली नाही. मी हाक मारली, "मावशी!"

तिनं वळून पाहिलं. ओळखलं. चोरी पकडली गेल्यासारखी जुडी पदराखाली झाकली आणि गर्दीत शिरली.