बिनकामाचा प्रवासी

तोरगुन आमच्या किनाऱ्यावरच्या जलद बोटीवर दोर टाकायची, फळी लावायची, तिकिटं तपासायची. सव्वीस वर्षं. पण तिचं खरं काम संशय घेणं, असं मी म्हणायचो. लेयर्नेसच्या धक्क्यावर मी बस घेऊन तिच्या बोटीची वाट बघायचो, आणि उतारू बसमध्ये चढेपर्यंत ती मला एकेकाची कुंडली ऐकवायची.

"तो निळ्या टोपीवाला बघ. मासे धरायला निघालाय म्हणे. नखं बघ कशी स्वच्छ."

मात्र म्हाताऱ्या माणसांना फळीवरून उतरवताना तिचा हात भक्कम असायचा, आणि घाई कधी नसायची. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी तिच्याबद्दल फारसं बरं सांगणार नाही. माझ्याबद्दलही नाही.

टेनोया बेटावर दोनच माणसं उरली होती, इंगवाल्ड आणि त्याची बायको बोर्गहिल्ड. दोघंही ऐंशीच्या पुढची. तिथल्या धक्क्यावर दिवा लागलेला दिसला तरच बोट वळायची, नाहीतर सरळ पुढे. त्या वर्षी जिल्हा कार्यालयाने ठरवलं की वर्षाला दोनशे उतारू न देणारा धक्का बंद करायचा. आणि मार्चपासून टेनोयाचा दिवा आठवड्यातून तीनदा लागायला लागला.

इंगवाल्ड एकटाच चढायचा. पाठीवर पिशवी, पिशवीत थर्मास. लेयर्नेसला उतरून माझ्या बसमध्ये बसायचा. मग डोंगरांत आत घुसलेल्या तीन खाड्यांच्या, आमच्या फियोर्डांच्या, काठाकाठाने, मधे बससकट फेरीबोटीतून पलीकडे, आणि शेवटच्या थांब्यावरून दुपारच्या बोटीने परत घरी. ना कुणाला भेटायचा, ना काही खरेदी करायचा.

"हा नेतो काय त्या पिशवीत?" तोरगुनने मला विचारलं.

"मला काय माहीत."

"आठवड्यातून तीनदा? घरी दारू गाळत असणार. कुठंतरी पाणी मुरतंय."

मला माहीत होतं. एप्रिलमध्येच माझ्या मागच्या सीटवर बसून, खिडकीबाहेर बघत त्याने सांगितलं होतं. "धक्का बंद झाला तर आम्हाला बेट सोडावं लागणार. आणि वृद्धाश्रमात दोघांना एका ठिकाणी जागा नाही. तिला एका गावात ठेवणार, मला दुसऱ्या. लग्नाला एकोणसाठ वर्षं झाली. म्हणून मी उतारू झालोय. तोरगुनला सांगू नकोस, ती नियमाला फार धरून असते."

मी मान डोलावली. आपल्याला काय करायचंय, म्हणून गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला आज लाज वाटते.

ऑगस्टमध्ये सुट्टीच्या दिवशी तोरगुन साध्या कपड्यांत बसमध्ये चढली आणि थेट इंगवाल्डच्या शेजारी बसली. फेरीबोटीवर तो वर उपाहारगृहात गेला, तेव्हा हिने त्याच्या थर्मासचं झाकण उघडून वास घेतला. मी आरशातून बघत होतो. नुसती कॉफी. तो परत आला तो लोणी-साखर लावलेली दोन जाड धिरडी घेऊन. एक तिच्या हातात दिलं.

"पण तुमचं काम काय असतं तिकडे?" तिने खाता खाता विचारलं.

"काही नाही. डोंगर बघतो."

"जन्मभर बघितलेत की."

"म्हणून तर. जागेवर आहेत का, खात्री करून घेतो."

दारू नाही म्हटल्यावर तिचा संशय उलट वाढलाच. त्याच संध्याकाळी तिने कार्यालयाला लिहिलं, की टेनोयाहून एक उतारू काम नसताना चकरा मारतो, चौकशी व्हावी. दुसऱ्या दिवशी हे मला सांगताना ती खुशीत होती. तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. ऐकता ऐकता ती धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्यावर बसली. मग तिने कार्यालयात फोन केला, दोनदा केला. पण तक्रारीची नोंद झाली होती, मागे घेता येईना.

नोव्हेंबरात पत्र आलं. मुद्दाम केलेल्या फेऱ्या वगळल्या होत्या. उरले सदतीस उतारू. नव्या वर्षापासून धक्का बंद.

डिसेंबरच्या अखेरीस दोघं बेट सोडून आली. आमच्याकडच्या हिवाळ्यामुळे भरदुपारीही उजेड जेमतेम होता. सहा खोकी, एक शिवणयंत्र. तोरगुनने बोर्गहिल्डला हाताला धरून उतरवलं आणि लेयर्नेसच्या वृद्धाश्रमाच्या गाडीत बसवलं. इंगवाल्डला मात्र माझ्या बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं होतं. त्याची खोकी मी बसच्या पोटात लावत होतो. ती गाडी वळणाआड जाईपर्यंत तो उभा राहिला, मग तोरगुनकडे वळला.

"कुणीतरी आमची चुगली केली. तुझी सगळ्यांवर नजर असते. तुला कोण वाटतं?"

मी खोकं हातात धरून तसाच थांबलो. काहीतरी बोलून तिला वाचवावं असं वाटलं.

"मी," तोरगुन म्हणाली. "मीच लिहिलं. मला कारण माहीत नव्हतं."

बसच्या पायरीवर एक पाय ठेवून इंगवाल्डने हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"तू राहतेस इथेच ना, लेयर्नेसला?"

"हो."

"मग बोट लागली की रोज बोर्गहिल्डकडे जाऊन ये. ती सांगेल, जेवले, झोप लागली, सगळं ठीक आहे. मलाही फोनवर तेच सांगेल." तो बसमध्ये चढला आणि माझ्या मागच्या सीटवर बसला. "तू विश्वास ठेवू नकोस."