बाळ कुणाजवळ होतं?

दुपारी पाळणाघरातली मुलं झोपली की मी आवाज बंद करून टीव्ही लावते. आज नाताळचा एक प्रेमपट लागला होता. बाळ सांभाळायला आलेली मुलगी बाळाच्या बापाच्या प्रेमात पडते आणि शेवटी दोघं बर्फात मिठी मारतात. संपल्यावर मोबाइलवर लोकांची मतं वाचत बसले. कुणाला बर्फ खोटा वाटला, कुणाला नायकाचा स्वेटर आवडला. ‘बाळ किती गुणी, रडतच नाही,’ असं एकीनं लिहिलं होतं. ते दोघं बर्फात असताना बाळ कुणाजवळ होतं, हे मात्र कुणीच विचारलं नव्हतं.

माझ्याबद्दलही परवा असंच एक मत आलं. तीन वर्षं सांभाळलेली इरा शाळेत जायला लागली, म्हणून तिच्या आईनं सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, ‘काकू छान आहेत. जागा स्वच्छ आहे.’ मी खाली जोडलेल्या हातांचा इमोजी टाकला. वाईट वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

पहिल्या दिवशी मी प्रत्येक आईकडून तिची वापरलेली ओढणी मागून घेते. आईच्या वासानं मूल झोपतं. इरा तीन वर्षं माझ्या मांडीवर जी घेऊन झोपायची, ती तिच्या आईची ओढणी माझ्याकडेच राहिली होती. आज सिनेमाबद्दलची मतं वाचतानाच तिच्या आईचा फोन आला.

“काकू, इरा झोपतच नाही हो. माझी दुसरी ओढणी दिली तर फेकून देते. तुमच्याकडचीच पाठवा, पण धुऊ नका.”

“बरं,” मी म्हटलं.

ओढणी कालच धुऊन, उन्हात वाळवून, घडी घालून ठेवली होती.