फॉर्म्युल्याची डबी

पार्लरवालीचं तोंड हीच तिची पाटी. माझी पाटी लाल होती, आणि ती झाकण्यात माझी चार वर्षं गेली.

कामशेतला बाजारपेठेत, तांदळाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझं पार्लर आहे. दोन खुर्च्या, एक वाफेचं मशीन, मध्ये एक पडदा. चाळिशी ओलांडली आणि माझे गाल नि नाक लाल व्हायला लागलं. आधी उन्हातून आलं की व्हायचं, मग गरम चहा प्यायला की, मग नुसता कुणाशी वाद झाला तरी. आणि वाद तर माझा रोज कुणाशी ना कुणाशी होतोच. वर बारीक पुळ्या आणि आग. भुवया करायला आलेली बाई आरशातून माझ्याच तोंडाकडं बघत बसायची. एकीनं विचारलं, "ताई, तोंडाला काय झालंय हो?" म्हटलं, "राग आलाय." पुढं तिनं काही विचारलं नाही, पण परत कधी आलीही नाही.

घरी आमचे हे म्हणायचे, "तू नुसती फलाटावर उभी राहा, गाडी आपोआप थांबेल." असा संताप यायचा! संतापले की तोंड अजून लाल, आणि हे अजून हसणार.

म्हणून मी फॉर्म्युला लावायला लागले. हे जरा नीट सांगते. लोणावळ्याच्या ज्या पार्लरमध्ये मी काम शिकले, तिथल्या बाईंनी मी निघायच्या दिवशी मला आतल्या खोलीत नेऊन तो शिकवला होता. एक साधं क्रीम, एक गोरं करणारं क्रीम, एक व्हिटॅमिनची कॅप्सूल फोडून, आणि मेडिकलमध्ये खाजेसाठी मिळते ती ट्यूब, अर्धी. सगळं वाटीत घोटायचं आणि बिनलेबलाच्या पांढऱ्या डबीत भरायचं. "आत काय आहे ते गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. ही आपली विद्या आहे," असं त्यांनी बजावलं होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती ट्यूब कुणाच्या घरात नसते? चिठ्ठीशिवाय मिळते, गजकर्णापासून घामोळ्यापर्यंत सगळ्याला लावतात. फॉर्म्युल्यानं चार दिवसांत माझं तोंड निवळायचं. लावायचा थांबवला की दुप्पट लाल. मग परत लावायचा. मला वाटायचं, माझं दुखणंच चिवट आहे आणि क्रीम मात्र मोठं गुणाचं.

ती वराळ्याची मुलगी पहिल्यांदा आली दिवाळीच्या आधी. तळेगावच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. म्हणाली, "ताई, लग्न ठरलंय. उर्से गावचं स्थळ आहे, मे महिन्यातली तारीख आहे. तोवर मला गोरी करा." खरं सांगते, त्या तोंडावर करण्यासारखं काहीच नव्हतं. सावळा, तुकतुकीत चेहरा. कपाळावर एक पुळी नाही. "अगं जा घरी, छान आहेस," एवढं म्हणून तिला परत पाठवायला हवं होतं. मी डबी दिली. एक संपली की ती दुसरी न्यायची. संक्रांतीपर्यंत तिचा रंग खरंच उजळला. तिच्या आईनं कौतुकानं शेतातला नवा तांदूळ पाठवला. तो भात मी मोठ्या अभिमानानं खाल्ला.

मार्चमध्ये माझ्या तोंडाची आग सोसेना, तेव्हा ह्यांनी मला धरून तळेगावला स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी विचारलं, "चेहऱ्याला काय लावता?" मला या धंद्यातलं कोण काय शिकवणार, अशा तोऱ्यात मी सगळा फॉर्म्युला सांगितला. ट्यूबचं नाव ऐकलं आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "तुमची त्वचा मुळातच लाल होणारी आहे. याला रोझेशिया म्हणतात. तो मुळापासून जात नाही, पण सांभाळला तर शांत राहतो. तुम्ही मात्र त्याच्यावर त्या ट्यूबमधलं स्टिरॉइड चोळलंत. त्यानं त्वचा पातळ होते. अगदी चांगल्या चेहऱ्याला महिनोन् महिने लावलं तरी हीच गत होते."

चांगल्या चेहऱ्याला. मला वराळ्याचा तो सावळा, तुकतुकीत चेहरा दिसायला लागला. पुढचं सगळं ह्यांनी लक्ष देऊन ऐकलं म्हणून बरं.

आणि ते पुढचं इतकं थोडं होतं की मला अपमानच वाटला. सकाळी कोमटापेक्षाही गार पाण्यानं, सौम्य, फेस न करणाऱ्या फेसवॉशनं तोंड धुवायचं, तेही बोटांच्या टोकांनी. चोळायचं नाही. मऊ सुती कापडानं टिपायचं. मग बिनवासाचं मॉइश्चरायझर, त्यावर सनस्क्रीन, आभाळ आलेलं असलं तरी. रात्री परत धुणं, त्यांनी दिलेलं औषध आणि तेच मॉइश्चरायझर. काही नवीन आणलं तर आधी कानामागं लावून दोन-तीन दिवस वाट बघायची. वाफ बंद, स्क्रब बंद, ब्लीच बंद. चहा निववून. तिखट बेतानं.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. पण रोज," त्या म्हणाल्या.

कपाळ माझं! अर्धं आयुष्य मी बायकांची तोंडं घासली, आणि आता मला कुणीतरी तोंड धुवायला शिकवत होतं. मला हळू काही करायची सवयच नव्हती. भांडी मी आपटून ठेवते, केस खसाखसा विंचरते, टॉवेल तोंडावरून असा फिरवायची की जणू ओटा पुसतेय. आता जुन्या सुती ओढणीचे चौकोन कापून ठेवले आणि एकेक गाल टिपायला शिकले. ट्यूब सुटल्यामुळं पहिले तीन आठवडे फार वाईट गेले. तोंड सुजलं, पार्लरमध्ये मी मास्क लावून वावरले. ह्यांनी माझ्याबरोबर अळणी भाजी खाल्ली आणि रोज न चुकता बोलून दाखवलं, "तुझ्या तोंडासाठी माझ्या तोंडाची चव गेली." पण खाल्ली. मग हळूहळू आग कमी झाली. एके दिवशी उन्हातून आले, आरशात बघितलं, आणि गाल नुसते गुलाबी होते. मी खुर्चीत बसून रडले.

आणि त्या मुलीचं काय? तिच्या बाबतीत मी मूग गिळून बसले.

डॉक्टरांकडे जाऊन आले त्यानंतर आठ दिवसांनी ती डबी न्यायला आली. म्हटलं, "आता उन्हाळा आहे, हे क्रीम बंद. मी तुला नवीन पद्धत सांगते." आणि डॉक्टरांचं सगळं माझं म्हणून सांगितलं. दहा-बारा दिवसांत तिचं तोंड माझ्यासारखंच फुललं. लाल, पुळ्यांनी भरलेलं. आली ती ओढणी गुंडाळून. मला वाटलं, आता ही भांडणार. भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "कँटीनचं तिखट बाधलं असेल ताई. माझीच स्किन खराब. तुम्ही नसता तर मी काय केलं असतं?" मग म्हणाली, "कुणीतरी म्हणालं, तुम्ही तळेगावला डॉक्टरांकडे जाता. तिथं मी पण येऊ का?"

मी म्हणाले, "कशाला उगीच, लग्नाच्या घाईत? माझ्याकडं आहे ना सगळं."

हे मी म्हणाले. ती गेली असती तर तिला पहिलाच प्रश्न विचारला गेला असता, काय लावत होतीस, म्हणून. त्या प्रश्नाला मी भ्याले. लिहितानाही लाज वाटते.

पुढं दर रविवारी ती यायची. पार्लर बंद असायचं, आम्ही दोघी शेजारी शेजारी बसून तोंडं धुवायचो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिनं खुणा करायला सुरुवात केली: कुठल्या दिवशी लाल झालं, त्या दिवशी काय खाल्लं, किती वेळ उन्हात होती. शिमला मिरची चालते, ठेचा चालत नाही. स्कूटीवर स्कार्फ सुती हवा, सिंथेटिकनं घामेजतं. ती माझ्यापेक्षा हुशार होती. "ताई, तुम्ही अजून चोळताय," म्हणून माझा हात धरायची. ते रविवार फार छान होते. मला ते हवेहवेसे वाटायचे, आणि मनात सारखी टोचणीही असायची. मे महिना उजाडेपर्यंत तिचं तोंड शांत झालं होतं, पण पातळ, हळवं. बोट लावलं तरी उमटायचं.

हळदीला मला वराळ्याला बोलावणं होतं. दुसऱ्या दिवशीचा मेकअपही माझ्याकडेच होता. लग्न बौद्ध पद्धतीनं होतं, पण उष्टी हळद दोन्ही घरांनी सोडलेली नव्हती. नवऱ्याला लावून उरलेली हळद घेऊन दुपारी उर्से गावाहून त्याची आत्या आली. सोबत चार-पाच बायका. पितळेच्या वाटीत जाडसर दळलेली हळद, तेलात कालवलेली. मी मुलीला आधीच सांगून ठेवलं होतं, हाताला लाव, पायाला लाव, तोंडाला नको. तिनं ते हळूच आत्याला सांगितलं.

"तोंडाला न्हाई म्हंजी?" आत्याबाई मोठ्यानं म्हणाल्या. "उष्टी हळद हाय ही. नवरीच्या तोंडाला न्हाई तर कुटं लावायची?" मग त्या वाकल्या. मुलीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. "आगं बया, काय झालंय हिच्या तोंडाला? आमाला कुणी सांगितलं न्हाई. काय रोग हाय का हिला?"

मांडवात तिची आई हातात ताट घेऊन तशीच उभी राहिली. मुलीनं माझ्याकडं पाहिलं, मी काहीतरी बोलीन म्हणून. मी बोलले नाही. मग ती म्हणाली, "रोग नाही आत्या. माझीच स्किन खराब आहे. लावा तुम्ही." आणि तिनं डोळे मिटून तोंड पुढं केलं.

आत्याबाईंनी वाटीत बोटं बुडवली, आणि मी उठले. "थांबा. हिची स्किन खराब नाही. ती मी खराब केली."

एकदा तोंड उघडल्यावर मी थांबले नाही. ट्यूब, वाटी, बिनलेबलाची डबी, सगळं सांगितलं. मुलीचा काही दोष नाही, कसला रोग नाही, अजून काही महिने जपलं तर सगळं नीट होईल, पण आज हळद चोळली तर उद्या मांडवात उभं राहवणार नाही, हेही सांगितलं.

"म्हंजी तुमी केलं ह्ये?" आत्याबाई म्हणाल्या.

"व्हय. मी केलं."

"जाणूनबुजून?"

"देताना माहीत नव्हतं. पण दोन महिने झाले, माहीत होऊन गप्प बसले."

मुलीनं डोळे उघडले होते. रडली नाही, ओरडली नाही. नुसती माझ्याकडं बघत राहिली, आणि ते मला शंभर शिव्यांपेक्षा लागलं. आत्याबाईंनी तिच्या हातांना हळद लावली, पायांना लावली, उरलेली वाटी तिच्या आईकडं दिली. "लय झालं येवढं," म्हणाल्या. मला कुणी जा म्हणालं नाही, बसाही म्हणालं नाही. मी चप्पल घातली आणि रिक्षा मिळेपर्यंत उन्हात चालत गेले. तोंड भाजत होतं. छत्री पिशवीतच होती.

नंतर बरंच झालं. ज्यांना ज्यांना डबी दिली होती त्यांना मी एकेक करून फोन केले. काहींनी ऐकून घेतलं, काहींनी उद्धार केला, बऱ्याच जणी पुन्हा जिना चढल्या नाहीत. ती मुलगी लग्नानंतर त्या डॉक्टरांकडे स्वतः गेली, माझ्याशिवाय. तिनं मला माफ केलं का, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पण हळदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं सांगायला हवं. मेकअप सहाला ठरला होता. ती येणार नाही याची खात्री होती, तरी मी साडेपाचला पार्लर उघडून बसले. घरी बसवेना. सहा वाजून गेल्यावर जिन्यावर पावलं वाजली. ती होती. मागं तिची आई. दोघींपैकी कुणी हसलं नाही. हळदीनं पिवळे झालेले हात मांडीवर ठेवून ती खुर्चीत बसली.

मी सवयीनं पहिली बाटली उचलली. तिनं माझं मनगट धरलं.

"वाचा," ती म्हणाली. "आत काय काय आहे ते आधी मोठ्यानं वाचून दाखवा. मग लावा."

माझं इंग्रजी कसलं आलंय! मी चष्मा लावला, बाटली खिडकीशी धरली आणि त्या मुंगीएवढ्या अक्षरांवर अडखळत, एकेक शब्द फोडत वाचायला लागले. घामानं चष्मा घसरत होता. तिच्या आईनं दोनदा घड्याळाकडं पाहिलं. एक बाटली संपली, दुसरी घेतली. मध्येच ती म्हणाली, "हे कळलं नाही. परत वाचा."

मला कुणी एक गोष्ट दोनदा सांगायला लावली की माझं डोकं फिरतं, सगळ्या कामशेतला माहीत आहे.

मी परत वाचलं.